डिजिटल कुलूप: आकडा सोडून बाकी सगळं तपासा

२०१८च्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या 'पेन टेस्ट पार्टनर्स' या कंपनीतल्या एका संशोधकाने 'टॅपलॉक' नावाचं कुलूप तपासायला घेतलं. बोटाच्या ठशावर किंवा मोबाइलवरून उघडणारं हे कुलूप कॅनडातल्या एका कंपनीचं, तेव्हाची किंमत सुमारे ९९ डॉलर. ठशाची नक्कल करायच्या भानगडीत तो पडलाच नाही. ब्लूटूथवर चालणारं कुठलंही उपकरण स्वतःचा एक पत्ता आजूबाजूला सतत प्रसारित करत असतं. या कुलपात उघडण्याची गुप्त किल्ली त्याच पत्त्यावरून तयार केलेली होती, म्हणजे घराच्या पाटीवरचा नंबर हाच किल्लीचा नंबर असावा तसं. मोबाइलने पत्ता ऐकला, किल्ली बनवली आणि दोन सेकंदांच्या आत कुलूप उघडलं. त्याच सुमारास दुसऱ्या एकाने त्याच कुलपाची मागची तबकडी काढली, आतले स्क्रू सोडवले आणि कुलूप मोकळं केलं. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीच्या मजबुतीच्या दाव्यांवर कारवाई केली आणि २०२०मध्ये कंपनीला सुरक्षेचा रीतसर कार्यक्रम राबवण्याचं मान्य करावं लागलं.

या सगळ्या प्रकरणात ठसा शाबूतच राहिला. आकड्यांच्या डिजिटल कुलपांचंही असंच होतं. सहा आकडी कोड घातला की आपल्याला वाटतं, दहा लाख शक्यता आहेत, कोण बसतंय त्या मोजत! ते खरंही आहे. म्हणूनच कुलूप उघडणारा आकड्याच्या वाटेला क्वचितच जातो. तो आतली मोटर, स्प्रिंग, सेलचं झाकण, रीसेटचं बटण, मोबाइलचं ॲप किंवा 'कोड विसरलात?' ही सोय पाहतो. त्यामुळे दुकानाचं शटर, सोसायटीची गच्ची, मीटररूम, विहिरीवरची पंपाची खोली किंवा वसतिगृहातलं कपाट, यांपैकी कुठेही डिजिटल कुलूप लावायचं असेल तर तपासणी त्या बाकीच्या गोष्टींची करायची. ती कशी करायची ते इथे क्रमाने सांगतो. एक अट पहिल्यांदाच सांगून ठेवतो: हे सगळे प्रयोग स्वतःच्या, अजून कुठेही न लावलेल्या कुलपावरच करायचे. दुसऱ्याचं कुलूप परवानगीशिवाय उघडू पाहणं हा गुन्हा ठरू शकतो.

आधी कोयंडा पाहा

मराठी वर्तमानपत्रांतल्या घरफोडीच्या बातम्यांत एक वाक्य वर्षानुवर्षं छापून येतं: 'चोरट्यांनी दरवाजाचा कडी-कोयंडा उचकटून घरात प्रवेश केला.' त्यात कुलपाचा उल्लेखच नसतो. कुलूप जागच्या जागी, बंद आणि धडधाकट असतं. कोयंडा मात्र लाकडातून उपटलेला असतो.

तेव्हा कुलपावर दोन-चार हजार रुपये घालण्याआधी त्याच्या खालचा कोयंडा बघा. तो पत्र्याचा आणि एकेरी वळवलेला असेल तर बदला. त्याचे स्क्रू दार बंद असताना बाहेरून दिसत असतील, तर चोराला स्क्रूड्रायव्हर पुरतो, कुलपाशी त्याचं काही देणंघेणंच राहत नाही. लाकडी दाराला आरपार जाणारे बोल्ट वापरा आणि आतल्या बाजूने मोठ्या वायसरवर नट आवळा. लोखंडी दाराला कोयंडा वेल्डिंग करून घ्या. शटरच्या बाबतीत तळाची पट्टी दोन्ही टोकांना अडकलेली हवी. एकाच टोकाला कुलूप असलं की दुसरं टोक जॅकने वर उचलता येतं.

या कामाला फॅब्रिकेशनवाल्याकडे फारसे पैसे लागत नाहीत. तरीही ते सोडून लोक थेट कुलपाच्या दुकानात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुकानात हातात घेऊन

डिजिटल कुलूप ऑनलाइन मागवू नये असं माझं मत आहे. निदान पहिलं तरी. कारण कितीतरी गोष्टी हातात घेतल्यावरच कळतात.

पहिलं, वजन आणि दांडी. कुलपाची यू आकाराची दांडी कडक केलेल्या पोलादाची असायला हवी. दांडीवर 'हार्डन्ड' असं कोरलेलं असतं. मात्र अनेक डिजिटल कुलपांत दांडी पोलादाची आणि अंग जस्ताच्या मिश्रधातूचं असतं. दिसायला ते जाडजूड, चकचकीत असतं, पण हातोडीच्या चार घावांत तडकतं. आत सर्किटला जागा करायची असल्याने धातूच्या भिंतीही पातळ असतात. युरोपात कुलपांसाठी 'ईएन १२३२०' हे मानक आहे, त्यात १ ते ६ अशा श्रेणी असतात आणि ६ ही सर्वांत मजबूत. खोक्यावर ही श्रेणी छापलेली असेल तर ती वाचा. डिजिटल कुलपांवर ती फारशी दिसत नाही, आणि यावरून जे समजायचं ते समजून घ्यावं.

दुसरं, स्क्रू. कुलूप बंद करा आणि सगळीकडून फिरवून पाहा. बंद अवस्थेत एकही स्क्रू, फिरणारी तबकडी किंवा सरकणारं झाकण बाहेरून हाताळता येता कामा नये. चांगल्या कुलपात सेलच्या झाकणाचा स्क्रू दांडीच्या भोकात लपवलेला असतो, म्हणजे दांडी वर आल्याशिवाय तो सापडतच नाही. रीसेटचं बटण कुठे आहे तेही विचारा. कुलूप बंद असताना ते बाहेरून टाचणीने दाबता येत असेल, तर ते कुलूप दुकानदाराला परत द्या.

तिसरी गोष्ट दांडी कशी अडकते ही. उघड्या कुलपाच्या दांडीवर आतल्या बाजूला खाचा दिसतील. खाच एकाच बाजूला असेल आणि दांडी नुसती दाबली की 'खट्' करून बसत असेल, तर आत तिरकस तोंडाची स्प्रिंगची पट्टी असण्याचा संभव जास्त. अशा पट्टीला पातळ पत्र्याच्या तुकड्याने मागे सारता येतं. यांत्रिक कुलपांत ही युक्ती फार जुनी आहे आणि स्वस्त डिजिटल कुलपांत ती तशीच चालते. दोन्ही बाजूंना गोल खाचा असतील, तर आत पोलादी गोळ्या असतात. बंद अवस्थेत त्यांना मागे सरकायला जागाच नसते. 'डबल बॉल लॉकिंग' हे शब्द खोक्यावर शोधा.

चौथी गोष्ट म्हणजे एक प्रश्न. दुकानदाराला सरळ विचारा: 'कोड विसरलो तर काय करायचं?' याच्या उत्तरातून कुलपाची सुरक्षितता जितकी कळते तितकी बाकी कशातूनही कळत नाही. 'कंपनीला फोन करा, कुलपावरचा नंबर सांगा, ते कोड देतील,' असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न विचारा. तो नंबर कुलपाच्या बाहेरच कोरलेला आहे का? बिल मागतात की नुसता नंबर पुरतो? कोड बदलल्यावरही कंपनीकडचा कोड चालू राहतो का?

हा प्रश्न किती मोलाचा आहे, हे अमेरिकेतल्या दोन घटनांवरून लक्षात येईल. दोन्ही तिजोऱ्यांच्या डिजिटल कुलपांच्या आहेत, पण तत्त्व तेच. २०२३मध्ये एफबीआयने एका घराची झडती घेताना लिबर्टी सेफ या कंपनीकडून तिथल्या तिजोरीचा कोड मिळवला, आणि कंपनी गिऱ्हाइकांच्या तिजोऱ्यांचे कोड स्वतःकडे ठेवते हे तेव्हा कितीतरी मालकांना पहिल्यांदाच कळलं. गदारोळ झाल्यावर कंपनीने कोड पुसून टाकण्याची सोय दिली. २०२५च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासच्या 'डेफ कॉन' परिषदेत दोन संशोधकांनी सिक्युरॅम कंपनीच्या 'प्रोलॉजिक' कुलपांबद्दल सांगितलं. कोड विसरलेल्या मालकांना मदत करण्यासाठी कुलूपवाल्यांना दिलेली रीसेटची सोय परवानगी नसलेल्या माणसालाही वापरता येत होती. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेलं दारच तिथे सर्वांत कच्चं निघालं.

घरी, टेबलावर

कुलूप विकत घेतलं की लगेच लावू नका. परत करण्याची मुदत संपायच्या आत खालच्या चाचण्या उरका. तासाभराचं काम आहे. बिल आणि खोकं जपून ठेवा.

लोहचुंबकाची चाचणी सर्वांत महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. स्वस्त इलेक्ट्रॉनिक कुलपांत अडसर मागे ओढण्यासाठी सोलेनॉइड असतं. तारेच्या गुंडाळीतून वीज सोडली की तिचं लोहचुंबक होतं आणि मधली लोखंडी खुंटी आत खेचली जाते; वीज थांबली की छोटी स्प्रिंग खुंटीला पुन्हा जागेवर आणते. रचना साधी आणि स्वस्त आहे. पण खुंटीला खेचणारं चुंबकत्व आतल्या गुंडाळीचं आहे की बाहेरच्या एखाद्या चुंबकाचं, हे खुंटीला कळत नाही. निओडायमियमचं ताकदवान चुंबक नेमक्या जागी धरलं तर कोड न दाबताच ती सरकू शकते. घरगुती स्वस्त डिजिटल तिजोऱ्या मोज्यात घातलेल्या चुंबकाने उघडण्याचा प्रकार जगभर कुप्रसिद्ध आहे. जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम चुंबकत्व अडवत नाही, त्यामुळे अंगाची चमक इथे काहीच मदत करत नाही. मोटरवर फिरणाऱ्या स्क्रूने अडसर हलवणारी कुलपं तुलनेने बरी, कारण मोटरला बऱ्याच वेळा फिरवावं लागतं. तरी हमी त्यांचीही नाही.

हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन नाण्याएवढं निओडायमियमचं चुंबक मिळतं. कुलूप बंद करा, चुंबक जाड कापडात गुंडाळा आणि कुलपाच्या सगळ्या बाजूंवरून सावकाश फिरवत दांडी हलकेच ओढत राहा. आतून 'टिक' असा आवाज आला तर काहीतरी हललं आहे. दांडी सुटली तर कुलूप त्याच दिवशी परत करा. हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने हा प्रयोग करू नये, जवळही थांबू नये. मोठ्या चुंबकाच्या दोन तुकड्यांमध्ये बोट सापडलं तर चिरडतं, आणि मुलांच्या हाती ते कधीच देऊ नये.

त्यानंतर धक्क्याची चाचणी. दांडी ओढून धरा आणि कुलपाच्या अंगावर लाकडी ठोकळ्याने किंवा रबरी हातोडीने बाजूंनी ठोका. खुंटीची स्प्रिंग नाजूक असेल तर धक्क्याने ती क्षणभर मागे जाते आणि दांडी निसटते. साध्या कुलपांत हाच दोष फार आढळतो.

चुकीच्या कोडची चाचणी करताना घड्याळ जवळ ठेवा. मुद्दाम चुकीचा कोड पुनःपुन्हा घाला आणि किती चुकांनंतर कुलूप काही काळ बंद पडतं ते पाहा. हा थांबा का हवा, ते हिशोबाने दिसतं. चार आकडी कोडच्या शक्यता १०,०००. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरले तर सगळ्या शक्यता संपवायला सव्वाआठ तासांहून थोडा जास्त वेळ, म्हणजे एक रात्र. पाच चुकांनंतर पाच मिनिटं थांबावं लागत असेल तर नुसता थांबण्याचाच वेळ जवळपास सात दिवसांवर जातो. कुलूप थांबलेलं असताना सेल काढून परत घाला. थांबा रद्द झाला, तर चुकांची मोजणी कुलूप लक्षात ठेवत नाही. सेलचं झाकण बाहेरून उघडत असेल, तर असा थांबा असून नसून सारखाच.

शेवटची चाचणी पाण्याची. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीपासूनचा बचाव सांगतो, दुसरा पाण्यापासूनचा. आयपी ६५ म्हणजे धूळबंद आणि पाण्याचा फवारा सोसणारं; आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारं. कोकणात, मुंबईत, गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो, तिथे उघड्यावर लावायच्या कुलपाला याहून कमी काही घेऊ नका. आणि आयपीचा आकडा नव्या कुलपाचा असतो, दोन पावसाळे काढलेल्या कुलपाच्या रबराचा नव्हे, हे ध्यानात ठेवून वर एक छोटं पत्र्याचं छप्पर ठोका.

आता कोड

कारखान्यातून आलेला कोड, तो १२३४ असो की ००००००, पहिल्या दिवशी बदला. बऱ्याच कुलपांत दोन प्रकारचे कोड असतात: रोज वापरायचा आणि बाकीचे कोड बदलणारा मास्टर कोड. लोक पहिला बदलतात, दुसरा विसरतात. मास्टर कोड माहितीपत्रकात छापलेला असतो आणि ते पत्रक कोणालाही मिळू शकतं. हॉटेलांच्या खोल्यांतल्या छोट्या तिजोऱ्यांतही हीच चूक दिसते; खोलीत गेल्यावर सगळे शून्य किंवा सगळे नऊ दाबून पाहा, तिजोरी उघडली तर दागिने तिथे ठेवू नका आणि व्यवस्थापकाला सांगा.

आकडा निवडताना स्मरणशक्तीचा विचार होतो, आणि तोच नडतो. डेटा-अभ्यासक निक बेरी यांनी २०१२मध्ये फुटलेल्या माहितीसाठ्यांतून सुमारे ३४ लाख चार आकडी कोड तपासले. त्यातले जवळपास ११ टक्के नुसते १२३४ होते, ११११ सुमारे सहा टक्के. पहिल्या वीस लोकप्रिय कोडांतच चौथाईहून अधिक माणसं आली. सहा आकड्यांचं आपण दहा लाख म्हणतो, पण जन्मतारीख घातली की शंभर वर्षांच्या मिळून साडेछत्तीस हजारच तारखा उरतात. गावाचा पिनकोड तर सगळ्यांनाच ठाऊक. गाडीचा नंबर त्याच दारासमोर उभा असतो. काही कुलपांत आकड्यांऐवजी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा हालचाली असतात. तिथे चार हालचालींच्या शक्यता २५६च होतात, म्हणून निदान सात-आठ हालचाली ठेवा.

बटणं कोड सांगून टाकतात, हेही लक्षात घ्यावं लागतं. गुळगुळीत झालेली, अक्षरं पुसलेली चार बटणं दिसली की चार आकडी कोडचे उरतात फक्त २४ क्रम. गंमत म्हणजे तीनच आकडे वापरून एक दोनदा घातला तर क्रम ३६ होतात, म्हणजे चोराला जास्त काम. यापेक्षा चांगला उपाय कोड अधूनमधून बदलत राहणं हा आहे, म्हणजे सगळी बटणं सारखी झिजतात. भाडेकरू गेला, कामावरचा माणूस बदलला, सुतार-रंगारी येऊन गेले की लगेच बदला.

बोटाची ऊबही मागे राहते. २०११मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने एटीएमसारख्या बटणांवरून कोड ओळखता येतो का ते तपासलं. प्लास्टिकच्या बटणांवर बऱ्याचदा जमलं, धातूच्या बटणांवर जमलं नाही, कारण धातू ऊब लगेच वाहून नेतो. २०२२मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या चमूने कळफलक आणि पडद्यांवरून असेच पासवर्ड संगणकाच्या मदतीने ओळखून दाखवले. वीस सेकंदांत फोटो घेतला तर ८६ टक्के वेळा यश, मिनिटभराने ६२ टक्के. उपाय अगदी साधा आहे. कोड घालून झाला की सगळ्या बटणांवर क्षणभर बोटं टेकवा. पाठीमागे कोणी उभं असेल तर हाताने आड करून कोड घालण्याची सवय मात्र मुलांपासून आजीपर्यंत सगळ्यांना लावा. उष्णतेच्या कॅमेऱ्यापेक्षा शेजारच्या नजरेचा धोका कितीतरी मोठा आहे.

मोबाइलवर चालणारं असेल तर

२०१६मध्ये 'डेफ कॉन'मध्ये अँथनी रोझ आणि बेन रॅमसे या संशोधकांनी ब्लूटूथवर चालणारी १६ कुलपं तपासल्याचं सांगितलं. त्यातली १२ उघडली. काहींत पासवर्ड उघडाच हवेतून जात होता, तर काहींत एकदा ऐकलेला संदेश जसाच्या तसा परत पाठवला की कुलूप उघडत होतं. हे दोष तुम्हाला-मला घरी तपासता येणार नाहीत. पण कंपनी कशी आहे ते तपासता येतं.

ॲपच्या पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा. वर्षभराहून जुनं असेल तर कुलूप घेऊ नका. कुलपाच्या आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, ॲपमधून अद्ययावत होतो का ते विचारा. होत नसेल तर उद्या सापडलेला दोष कायमचा राहणार. खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्या आणि दोन टप्प्यांची ओळख असेल तर चालू करा. ॲप ठिकाण, संपर्क, फोटो यांची परवानगी मागत असेल तर गरजेपुरतीच द्या. टॅपलॉक प्रकरणात आणखी एका संशोधकाला कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्यांच्या खात्यांतली माहिती आणि कुलपांची ठिकाणंही मिळत होती. कुलूप कुठे आहे हे कळणं चोराला उघडण्याच्या युक्तीइतकंच उपयोगाचं.

एक चाचणी मात्र नक्की करा. दुसऱ्याच्या मोबाइलवर पाहुणा म्हणून उघडण्याची परवानगी पाठवा. त्याने एकदा उघडून दाखवू द्या. मग तुमच्या ॲपमधून परवानगी काढून घ्या, त्याच्या मोबाइलचं इंटरनेट बंद करा आणि त्याला पुन्हा प्रयत्न करू द्या. उघडलं तर तुमचं 'परवानगी रद्द' हे बटण दिखाऊ आहे. एकदा दिलेली परवानगी मालकाला खऱ्या अर्थाने काढून घेता येत नाही, हा दोष टॅपलॉकवरच्या सरकारी तक्रारीत स्पष्ट नोंदलेला होता. जुनं ब्लूटूथ कुलूप विकत घेणं तर मी टाळायलाच सांगेन. आधीच्या मालकाचं खातं पूर्ण सुटलं की नाही हे कळायला खात्रीचा मार्ग नसतो.

सेल संपला, कोड विसरला

डिजिटल कुलूप चोरापेक्षा मालकालाच जास्त वेळा बाहेर ठेवतं, आणि कारण बहुधा सेल असतो. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला सेल बदलायचा नेम ठेवा. दोन सणांत सहा महिन्यांचं अंतर आहे आणि दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतोच. 'अजून चालतोय' म्हणून सेल ठेवू नका: अर्धवट उतरलेल्या सेलवर मोटर निम्म्यातच थांबते, आणि फुटलेल्या सेलचं रसायन सर्किट खाऊन टाकतं. चार्जिंगचं कुलूप असेल तर त्याच्या तोंडावरची रबरी टोपी पावसाआधी तपासा.

सेल संपल्यावर बाहेरून वीज देण्याची सोय आहे का, हे घेतानाच पाहा. काही कुलपांच्या तळाशी दोन बिंदू असतात, त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवून कोड घातला की कुलूप उघडतं; चार्जिंगच्या कुलपाला पॉवर बँक चालते. यात काही धोका नाही, कारण वीज मिळाली तरी कोड लागतोच. ही सोय नसलेलं कुलूप सेल संपल्यावर कापावंही लागू शकतं.

कोड खरोखरच विसरलात, तर क्रम असा ठेवा: आधी घरातल्या सगळ्यांना विचारा, मग बिल आणि कुलपाचा नंबर घेऊन कंपनीकडे जा, आणि शेवटी ओळखीच्या किल्लीवाल्याला बोलवा. भाड्याची जागा किंवा सोसायटीचं दार असेल तर मालकाला किंवा सचिवांना हजर ठेवा. मास्टर कोड आणि कुलपाचा नंबर एका कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवा. मोबाइलमध्ये फोटो काढून नाही, आणि कुलपाच्या खोक्यात तर मुळीच नाही.

विम्याचा कागद

दुकानदार आणि गोदामवाल्यांनी हा भाग काळजीपूर्वक वाचावा. 'युनायटेड इंडिया इन्शुरन्स विरुद्ध हरचंद राय चंदन लाल' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निकाल दिला की घरफोडीच्या विम्याच्या अटींत बळजबरीने शिरण्याची व्याख्या असेल, तर चोरीआधी बळाचा किंवा हिंसेचा वापर झाल्याचं दिसायला हवं. नुसती चोरी पुरत नाही. आता विचार करा: चुंबकाने किंवा मोबाइलने उघडलेल्या कुलपावर ओरखडाही नसतो. माल गेला, कुलूप धड, आणि तुटलेल्या दाराचा पुरावा नाही. म्हणून आपल्या पॉलिसीतली घरफोडीची व्याख्या आजच काढून वाचा आणि एजंटला लेखी विचारा की कुलूप न तोडता झालेली चोरी त्यात येते का. साधी चोरीही धरणारी जोड घेता येत असेल तर घ्या. कॅमेरा कुलपाच्या दिशेने लावा. चोरी झालीच तर कुलूप रीसेट करू नका, सेलही काढू नका. ॲपमधल्या उघडझापीच्या नोंदींचे फोटो काढून कुलूप आहे तसं पोलिसांच्या ताब्यात द्या.

कुठे लावावं

माझं मत सांगतो. सोसायटीची गच्ची, जिममधलं लॉकर, मीटररूम, साधनांची खोली, जिथे पाच-दहा माणसांना ये-जा करायची असते आणि आजूबाजूला वर्दळ असते, तिथे डिजिटल कुलूप खरोखर उपयोगी आहे. किल्ल्यांच्या नकला बनत नाहीत, माणूस बदलला की कोड बदलता येतो. शेतावरच्या एकाकी खोलीला, महिनोन्महिने बंद राहणाऱ्या गावच्या घराला, सोन्याच्या किंवा मोबाइलच्या दुकानाच्या शटरला मात्र ते एकटं लावू नका. तिथे कडक दांडीचं, चांगल्या श्रेणीचं किल्लीचं कुलूप आणि पक्का कोयंडा हवा. हौस असेल तर डिजिटल त्याच्या जोडीला.

चाचणीत कुलूप नापास झालं तर नुसतं परत करून थांबू नका. दोष कंपनीला लेखी कळवा. पैसे परत मिळाले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ॲपमधली किंवा ब्लूटूथमधली त्रुटी सापडली तर केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या सायबरसुरक्षा संस्थेकडे ती कळवता येते. तुमच्यासारखंच कुलूप लावून निर्धास्त झोपलेल्या माणसाला हे दुसरं कोणी सांगणार नाही, तेव्हा तक्रार नक्की करा.